झळ कोणाला बसली? – एका प्रश्नाबद्दल मॅडमना आभाराचं पत्र

आदरणीय मॅडम,

हे पत्र फक्त तुम्हालाच पाठवता आलं असतं. पण तुम्ही मला जे दिलंत ते एकट्याने जवळ ठेवणं बरं वाटेना. ‘तुमच्यातली एखादी कमतरता सांगा’ हा प्रश्न मुलाखतीत कितीतरी जणांच्या वाट्याला येतो आणि बहुतेकांकडे पाठ करून आणलेल्या एका वाक्यापलीकडे काही नसतं. माझ्याकडेही नव्हतं. म्हणून हे उघड लिहितोय.

तुम्हाला फोन केला तेव्हा मी लागोपाठ चार मुलाखतींतून परत आलो होतो. कामाचे प्रश्न मला चांगले जायचे. खाती जुळवणं, फरक शोधणं, महिनाअखेरचे तक्ते, यावर कोणी काहीही विचारलं तरी मी अडत नव्हतो. मग तो प्रश्न यायचा आणि मी म्हणायचो, ‘मी परफेक्शनिस्ट आहे. काम मनासारखं झाल्याशिवाय मला सोडवत नाही.’ समोरचे मान डोलवायचे, कागदावर काहीतरी टिपायचे आणि त्यानंतरचे प्रश्न अंगाबाहेर टाकल्यासारखे यायचे. काहीतरी बिनसलंय एवढं जाणवायचं. काय, ते कळत नव्हतं.

तुमच्या हाताखालचं काम सोडून मला दीड वर्ष झालं होतं. माझं काही देणंघेणं तुमच्याकडे उरलं नव्हतं. तरी तुम्ही ‘उद्या संध्याकाळी ये’ म्हणालात, आणि मग ओळीने तीन संध्याकाळी माझ्यासाठी काढल्यात.

पहिल्या संध्याकाळी टेबलावर एक कोरा कागद, एक पेन्सिल आणि मनगटातून काढून ठेवलेलं तुमचं घड्याळ होतं. तुम्ही प्रश्न विचारलात, मी माझं परफेक्शनिस्टवालं वाक्य म्हटलं. तुम्ही म्हणालात, ‘पॅनेलवर बसून हे मी खूप वेळा ऐकलंय. पण अडचण ती नाही. यातून मला तुझ्याबद्दल काहीच कळत नाही. आणि वर असं वाटतं की, मला काही कळू द्यायचं नाही असं तू ठरवूनच आलायस.’

मग मी दुसरं उत्तर काढलं. म्हटलं, मला चारचौघांत बोलायची भीती वाटते. तुम्ही विचारलंत, ‘शेवटची कधी वाटली?’ मला प्रसंग आठवेना, कारण तशी भीती मला कधी वाटलीच नव्हती. ते उत्तर मी कुठेतरी वाचलं होतं. तुम्ही त्याला ‘उसनी कमतरता’ म्हणालात. उसनी कमतरता पहिल्या प्रश्नाला तरून जाते आणि दुसऱ्याला बुडते, कारण दुसरा प्रश्न नेहमी तपशिलाचा असतो. हा शब्द मी तेव्हापासून अनेकांना सांगितला आहे.

त्यानंतर तुम्ही कागद माझ्याकडे सरकवलात आणि म्हणालात, ‘तुझ्यातल्या कुठल्या गोष्टीची झळ दुसऱ्या कोणाला बसलीये? आधी त्या माणसाचं नाव लिही. मग दिवस लिही. मग काय झालं ते लिही. कमतरतेचं नाव सगळ्यात शेवटी.’

मी बराच वेळ पेन्सिल धरून बसलो होतो. कोणाचं नाव लिहायचं ते मला पहिल्या क्षणालाच कळलं होतं. ते तुमचं होतं.

महिनाअखेरचा दिवस होता. दोन तक्ते जुळत नव्हते, आणि ते मला दुपारी बारा वाजल्यापासून माहीत होतं. तुम्ही चार वेळा माझ्या टेबलापाशी येऊन ‘कसं चाललंय?’ विचारलंत आणि चारही वेळा मी ‘होतंय’ म्हणालो. फरक सापडेलच, मग कोणाला सांगायची गरजच पडणार नाही, असं धरून मी त्याच त्या रकान्यांवरून बोट फिरवत राहिलो. रात्री आठला सांगितलं. तुम्ही खुर्ची ओढून बसलात, फरकाला दोनाने भागलंत आणि आलेली रक्कम नोंदींत शोधायला लागलात. वीस मिनिटांत सापडली. जमेची नोंद नावे पडली होती, म्हणून फरक रकमेच्या बरोबर दुप्पट दिसत होता. ही युक्ती मलाही शिकवलेली होती. घाबरलेल्या डोक्याला ती आठवली नाही. पण तोवर त्या चुकीच्या आकड्यावर पुढचे सगळे तक्ते उभे राहिले होते. ते नव्याने करता करता पहाटेचे तीन वाजले. सगळे घरी गेले होते. तुम्ही आणि मी एवढेच होतो.

हे सगळं लिहून मी कागद तुमच्याकडे फिरवला. तुम्ही वाचलात. ‘हो, आठवतेय ती रात्र,’ एवढंच म्हणालात आणि खाली शेवटच्या ओळीवर पेन्सिल टेकवलीत: कमतरतेचं नाव. मी लिहिलं, ‘अडलो की वेळेवर सांगत नाही.’

परफेक्शनिस्ट हा शब्द त्या कागदावर कुठेच नव्हता. त्याला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला याच्या मागचं शास्त्र सांगितलंत, आणि तेव्हा तुमचा कामाचा अभ्यास किती खोल आहे ते नव्याने कळलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलासाठी वैमानिकांच्या निवडीचं काम करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ साली आपल्या पद्धतीवर लेख लिहिला. त्या पद्धतीत माणूस ‘धाडसी’ आहे की ‘बेफिकीर’ असली विशेषणं गोळा करत नाहीत. नेमक्या प्रसंगी त्याने नेमकं काय केलं, ते विचारतात. आज मुलाखतीत ‘असा एखादा प्रसंग सांगा’ म्हणतात त्याचं एक मूळ तिथे आहे. तुम्ही म्हणालात, ‘पॅनेलला तुझं विशेषण नको असतं. विशेषण ते स्वतः लावतात. तू प्रसंग दे.’

मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांचा प्रयोगही तुम्हीच सांगितलात. १९६६ सालचा. प्रश्नमंजूषेच्या चाचणीला बसलेल्या एकाचं ध्वनिमुद्रण विद्यार्थ्यांना ऐकवलं. एका प्रकारात तो माणूस ९२ टक्के अवघड प्रश्नांची बरोबर उत्तरं देतो, दुसऱ्यात ३० टक्केच. काही मुद्रणांत शेवटी त्याच्या हातून अंगावर कॉफी सांडते. ज्याला बहुतेक सगळं येत होतं, तो कॉफी सांडल्यावर ऐकणाऱ्यांना जास्त आवडला. ज्याला फारसं येत नव्हतं, तो सांडल्यावर आणखी नावडता झाला. मी लगेच म्हटलं, म्हणजे कमतरता सांगितली की फायदाच. तुम्ही मला तिथेच थांबवलंत. ‘अर्धंच ऐकलंस. आधी बाकीच्या तासाभरात तुला काम येतं हे दिसायला हवं. मग कमतरता माणसासारखी दिसते. काम येत नसेल तर तीही त्याच खात्यात जमा होते.’ मुलाखतीची तयारी म्हणजे या एका प्रश्नाची तयारी नव्हे, हे मला तिथे समजलं.

कुठली कमतरता सांगायची यावर तुमचा आग्रह सरळ होता. ज्या कामासाठी नोकरी आहे त्याच्या गाभ्यालाच धक्का लागत असेल, उदाहरणार्थ हिशेबाच्या कामाला जाणाऱ्याचे आकडेच चुकत असतील, तर तो मुलाखतीत सांगायचा मुद्दा नाही. त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा आहे: हे काम आपल्याला घ्यायचंय का? आजारपण, घरातल्या अडचणी, यांतलं काही या प्रश्नाच्या उत्तरात आणायचं नाही. ते त्यांनी विचारलेलं नाही आणि ते त्यांचं नाही. आणि ‘माझ्यात तसं काही नाही’ हे कधीच म्हणायचं नाही. ज्याला स्वतःचं काही दिसत नाही त्याला शिकवायचं कसं, असा प्रश्न समोरच्याला पडतो.

इथे मला एक सांगितलंच पाहिजे. कमतरतेला गुणाचा मुलामा द्या, असा सल्ला सगळीकडे मिळतो. मी चार मुलाखती त्या सल्ल्यावर घालवल्या. तो सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण मला तो चुकीचा वाटतो. ऐकणाऱ्याला मुलामा दिसतोच. आणि त्याहून वाईट म्हणजे, तेच ते वाक्य म्हणत राहिलं की आपला आपल्यालाही खरा दोष दिसेनासा होतो. मी दीड वर्ष स्वतःला परफेक्शनिस्ट समजत होतो. त्या रात्रीसुद्धा घरी जाताना मी मनात हेच म्हटलं होतं की, मला काम अर्धवट दाखवायला आवडत नाही.

तुम्ही मला आणखी एक अवघड काम दिलंत: माझ्याबरोबर काम केलेल्या दोघांना फोन करून विचारायचं, ‘माझ्याबरोबर काम करताना तुम्हाला काय जड गेलं?’ जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांनी १९५५ मध्ये मांडलेली जोहारी खिडकी तुम्ही कागदावर काढून दाखवलीत. चार चौकोन, आणि त्यातला एक असा की जे इतरांना दिसतं पण आपल्याला दिसत नाही. ‘हा चौकोन आरशात बघून भरत नाही, विचारावं लागतं,’ म्हणालात. एका मित्राने विषय टाळला. दुसऱ्याने जरा थांबून सांगितलं, ‘तू “होतंय” म्हणालास की आम्ही घाबरायचो.’ माझा तोच शब्द. तो माझा पेटंट शब्द होता हे टीममध्ये सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून.

ज्यांनी अजून नोकरी केलेली नाही ते विचारतील, आमच्याकडे प्रसंग कुठून येणार? मी तुम्हाला हेच विचारलं होतं, धाकट्या भावासाठी. तुम्ही म्हणालात, गटाने केलेला प्रकल्प आठव, त्यात कोणाला तुझ्या वाट्याचं करावं लागलं ते आठव. झळ बसायला पगार लागत नाही.

मग उपाय. ‘मी आता सुधारलोय’ हे तुम्ही खोडलंत. सुधारलेली कमतरता ही कमतरता नसते, आणि कोणी विश्वासही ठेवत नाही. त्याऐवजी मी काय करतो ते सांगायचं, आणि ते आज खरंच करत असलो तरच. म्हणून आम्ही नियम ठरवला: एका जागी अर्धा तास अडलो की उठायचं आणि तीन ओळी लिहून पाठवायच्या. काय करून पाहिलं, कुठे अडलंय, कोणाकडून काय हवंय. तेव्हा मी एका छोट्या ठिकाणी तात्पुरतं काम करत होतो. दुसऱ्याच दिवसापासून नियम तिथे चालू केला, कारण तुम्ही बजावलं होतंत की मुलाखतीपुरता नियम केलास तर तोही उसनाच.

तिसरी संध्याकाळ फक्त बोलण्याची होती. घड्याळ समोर. सव्वा मिनिटाच्या आत प्रसंग, नाव, उपाय. पहिल्यांदा मी तीन मिनिटं बोललो आणि त्यातली दोन स्वतःच्या बचावात गेली. तुम्ही प्रत्येक ‘पण’ला टेबलावर बोट आपटत होतात. सगळ्यात अवघड गेलं ते शेवटी गप्प राहणं. उत्तर संपलं की समोरचे लिहीत असतात, खोली शांत होते, आणि त्या शांततेत माणूस घाबरून नवीन दोष कबूल करतो किंवा स्वतःचं कौतुक सुरू करतो. तुम्ही मुद्दाम वीस-वीस सेकंद काही न बोलता माझ्याकडे बघत राहायचात. आठव्या वेळी मी गप्प राहू शकलो.

पुढच्या मुलाखतीत प्रश्न वेगळ्या कपड्यांत आला: ‘तुमच्या आधीच्या वरिष्ठांना विचारलं तर ते तुमच्याबद्दल काय तक्रार करतील?’ मला हायसं वाटलं. त्या वरिष्ठांसमोर मी तीन संध्याकाळी बसलो होतो. मी महिनाअखेरची रात्र सांगितली, दुपारी बारा आणि रात्री आठ यांच्यामधले आठ तास सांगितले, अर्ध्या तासाचा नियम सांगितला आणि थांबलो. पॅनेलमधल्या एका बाईंनी लिहिणं थांबवून विचारलं, ‘हा नियम शेवटचा कधी मोडलात?’

तीन आठवड्यांपूर्वीचा मी असतो तर ‘नाही मोडला’ म्हणालो असतो. मी म्हटलं, ‘गेल्या गुरुवारी. दीड तास अडलो होतो आणि मग लिहिलं.’ त्यांनी विचारलं, दीड तास का? मी खरं ते सांगितलं: ज्यांना विचारायचं होतं ते त्या दिवशी चिडलेले होते. त्यानंतर दहा मिनिटं आम्ही फक्त याच विषयावर बोललो, चिडलेल्या माणसाकडे मदत कशी मागायची यावर. एवढं मोकळं मी कोणत्याही मुलाखतीत बोललो नव्हतो.

नोकरी मिळाली हे तुम्हाला त्याच संध्याकाळी कळवलं होतं. पण एक गोष्ट राहून गेली, आणि खरं तर त्यासाठीच हे पत्र. कागदावर तुमचं नाव लिहिलं, पॅनेलसमोर ती रात्र सांगितली, तिच्याच आधारावर नवीन काम मिळालं. तुमची माफी मात्र मी कधीच मागितली नाही. त्या रात्रीही नाही, दीड वर्षांत नाही, त्या तीन संध्याकाळींतही नाही. तुम्हीही एकदाही आठवण करून दिली नाहीत.

मॅडम, दुपारी बारा वाजताच तुम्हाला सांगायला हवं होतं. मला माफ करा. आणि त्या पहाटे तीनपर्यंत माझ्याशेजारी बसलात, त्याबद्दल मनापासून आभार.

तुमचा,
तुमच्या जुन्या टीममधला, ‘होतंय’ म्हणणारा