अठरा काढलं, सोळा टाकलं

सातारा
रविवार, दुपार

प्रिय पम्या,

आधी काय शिव्या घालायच्यात त्या घालून घे. वास्तुशांतीला आलो नाही, त्यानंतर दोनदा तुझा फोन आला तो उचलला नाही, वहिनींनी दिवाळीला फोटो पाठवले त्याला नुसता अंगठा दाखवला. सगळं मान्य. पण आज लिहायला बसलोय त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच मीटिंग आहे म्हणून कट केलं असतंस.

बुलेटचं पुढचं अठरा दातांचं स्पॉकेट, चैन फिरवणारी ती दातेरी चकती, काढलं. सोळाचं टाकलं.

झालं लिहून. आता सविस्तर सांगतो. घरी तब्येती ठीक, आईचा गुडघा तसाच, माझं बीपी गोळीवर आहे.

श्रावणातली गोष्ट. शनिवारची सकाळची शाळा, बारका मागं बसलेला, दप्तर त्याच्या पाठीला आणि डब्यांची पिशवी आमच्या दोघांच्या मधे. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरच्या घाटाला लागलो तेव्हाच भुरभुर सुरू होती. तुला तो घाट आठवतो तसा आता राहिला नाही रे. आपण २००९ ला चढायचो तेव्हा सकाळी एखादी एसटी आणि दूधवाले, बाकी रस्ता आपल्याच बापाचा. २०१२ ला वरचं कास पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि आता ऑगस्ट संपेपासून ऑक्टोबरपर्यंत पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांगच रांग. लोक येतात, फुलं बघतात, गावातल्या पोरांना चार पैसे मिळतात, माझी काही तक्रार नाही. पण वळणावर पुढची कार थांबली की मागच्या सगळ्यांना थांबायला लागतं, आणि अठरावर बुलेट चढात थांबली की परत उठवताना काय होतं ते तुला सांगायला नको.

पहिला टाकला, क्लच अर्ध्यावर धरून सोडत होतो, पुढची गाडी हलली आणि लगेच परत थांबली. इंजिन दोनदा धडधडलं आणि बंद. पुढचा ब्रेक ओल्या वाळूवर धरेना, मागचा दाबावा तर त्याच पायावर गाडी तोललेली, आणि गाडी मागं सरकायला लागली. हात-दोन हातच सरकली असेल. मागं एक टेम्पो होता. मी दोन्ही पाय रोवले, बारक्यानं माझ्या शर्टाची मूठ धरली आणि एक शब्द बोलला नाही. पम्या, तो काहीच बोलला नाही याचंच मला जास्त लागलं. टेम्पोवाला भला माणूस, खाली उतरून त्यानं कॅरिअर धरलं. शाळेत पोचेपर्यंत क्लचचा जळका वास नाकात होता आणि पहिल्या तासाला खडू धरताना हात थरथरत होता. हिला हे अजून सांगितलेलं नाही, तूही बोलताना वहिनींसमोर जपून बोल, त्या दोघींचं रोजचं असतं.

तर त्या रात्री हिशोब मांडला. तू म्हणशील मास्तर परत सुरू झाला. हो झालो. तेव्हाचा हिशोब तू केला होतास आणि तो चुकीचा नव्हता, हे मी लेखी देतो. ३४६ सीसी, अठरा हॉर्सपॉवर, चारच गिअर. प्रायमरीला, म्हणजे इंजिन ते क्लच या आतल्या चैनीला, इंजिनकडं २५ दात आणि क्लचला ५६, म्हणजे २.२४. टॉपला गिअरबॉक्स सरळ एकास एक. मागं ड्रमलाच दात पाडलेले, ३८, ते बदलायचे तर अख्खा ड्रम बदला, म्हणून खेळ सगळा पुढच्या स्पॉकेटचा. मूळचं १६, आपण घातलं १८. चाकावर खडूची रेघ मारून अंगणात एक फेरा चालवलं, २ मीटर ५ सेंटिमीटर भरलं. इंजिनच्या मिनिटाला तीन हजार फेऱ्यांना सोळावर ताशी ६९ किलोमीटर येतात, अठरावर ७८. हायवेला हेच तर पाहिजे होतं आपल्याला, इंजिन निवांत आणि गाडी पळतीय. त्या वेळी तुझ्याकडं बेंगलोरला जायचं होतं, सातशेच्या वर किलोमीटर, चौपदरी रस्ता, तुझी नवी नोकरी आणि माझी नवी नवी पगाराची सही. अठरा बरोबरच होतं.

पण घाटात तेच उलटं होतं. चाकापर्यंत पोचणारा जोर सोळाला जेवढा असतो त्याच्या अठरा भागांतले सोळाच अठरावर उरतात, म्हणजे परत सोळा टाकलं की साडेबारा टक्के जोर वाढतो. त्याचं पेट्रोल नको, पैसे नकोत, नुसते दोन दात कमी. माझ्या आठवीच्या पोरांना मी गुणोत्तर शिकवताना गाडीच शाळेच्या मैदानात आणली होती. चैनचं कव्हर काढून मागचे दात पोरांनी मोजले, एकानं ३७ मोजले, एकीनं ३९, मग खडूनं खूण करून परत मोजले तेव्हा ३८ आले. ३८ भागिले १८ म्हणजे २.११, भागिले १६ म्हणजे २.३७५. शेवटच्या बाकावरचं एक पोरगं, जे वर्षभर वहीत विमानं काढतं, ते उठून म्हणालं, सर मग तुम्ही रोज घाट चढता तर अठरा कशाला ठेवलंय? मी काय सांगणार होतो त्याला. बेंगलोरला माझा मित्र राहतो म्हणून?

कारण खरं तेच आहे. शेवटचं तुझ्याकडं गाडी घेऊन कधी आलो? २०१४. त्यानंतर दहा वर्षं गाडी रोज घर ते शाळा, १२ किलोमीटर, निम्मा चढ, बाकी पोवई नाका, राजवाडा असा गावातला ट्रॅफिक. टॉप गिअर आठवड्यातनं एकदा लागत असेल. तिसऱ्यात ठोकत ठोकत चालवायची, क्लच प्लेटा दोनदा बदलल्या, आणि तरी मिस्त्रींनी विषय काढला की मी म्हणायचो राहू द्या, पुढच्या वर्षी लांब जायचंय. दहा वर्षं हेच बोलत होतो. त्या शनिवारनंतर बोलवेना.

मिस्त्री म्हणाले सतरा टाका, मधला मार्ग, तीन हजारला ७४ मिळतील. दोन दिवस विचार केला. सतरा म्हणजे घाटातही थोडं आणि हायवेलाही थोडं, तुझा स्वभाव बघता तू सतराच म्हणाला असतास, हॉस्टेलला चहा की कॉफी विचारलं तर अर्धा अर्धा मागणारा माणूस तू. पण मला आता बारक्याला घेऊन वळणावर थांबता आणि उठता आलं पाहिजे, एवढंच पाहिजे. मग सोळा.

आणि आता खरी गंमत. तुला आठवतंय का हे काम करताना आपण काय काय उघडलं होतं? दुसऱ्या गाड्यांना दोन बोल्ट काढले की पुढचं स्पॉकेट हातात, आपल्या गाडीला अर्धी डावी बाजू उतरवायची. फूटरेस्ट, ब्रेकचा पायडल, ते मधल्या एका नटावर बसलेलं प्रायमरीचं झाकण, आतलं तेल परातीत (आईच्या पुरणाच्या परातीत, तिनं अजून माफ केलेलं नाही), मग स्टेटर, रोटर (वीज बनवणारे ते दोन भाग), क्लच पुलरनं ओढून इंजिनच्या चक्रीसकट एकदम बाहेर, मग आतली केस, आणि तिच्या मागं लपलेलं स्पॉकेट, लॉक वॉशर वाकवलेलं. तेव्हा आपल्याकडं पुलर नव्हता आणि तू म्हणालास दोन टायर लिव्हर घालून निघतं. निघालं, पण त्या खुणा क्लचवर अजून आहेत. मिस्त्री बघून म्हणाले, हे कुठल्या गाढवानं केलंय? मी म्हणालो तो आता बेंगलोरला मॅनेजर आहे.

आतली केस काढली, मागं पंधरा वर्षांचा चैनचा काळा चिखल, ग्रीस, वाळू, घाटातला पालापाचोळा, सगळं एकजीव होऊन बसलेलं. मिस्त्रींच्या हाताखालचं पोरगं स्क्रू ड्रायव्हरनं ते खरवडत होतं आणि खण् करून काहीतरी फरशीवर पडलं.

स्प्रिंग वॉशर.

पम्या, तोच. आतल्या केसच्या बोल्टचा तिसरा. ज्याच्यावरनं आपण रात्री दीड वाजता गोडोलीत शेजाऱ्यांचे दिवे लागेपर्यंत भांडलो, तू म्हणत होतास तीनच्या तीन लावले, मी म्हणत होतो एक कमी आहे, तू म्हणालास तुला मोजता येत नाही तर गणित कशाला शिकवतोस, आणि तिथनं पुढं कऱ्हाडपर्यंत माझ्याशी बोलला नव्हतास. तवंदी घाटात चहा पाजलास तेव्हा कुठं मिटलं, पण कबूल काही केलं नाहीस. दोनच वॉशरवर गाडी पंधरा वर्षं चालली, प्रायमरीतनं तेल गळत राहिलं, आणि दर वेळी तू फोनवर म्हणायचास बुलेट आहे, गळणारच. तिसरा वॉशर मागं चिखलात होता. मी तिथंच फरशीवर बसलो. मिस्त्रींना वाटलं मला चक्कर आली.

अजून एक. स्पॉकेट रॉकेलनं धुतलं तर मागच्या बाजूला सेंटर पंचनं मारलेले ठिपके दिसले. आधी वाटलं कंपनीचं काही असेल. उजेडात धरलं तर ठिपक्या-ठिपक्यांचं 'बें', आणि खाली ०९. हे तू कधी मारलंस? मी तेव्हा पॅकिंग कापत होतो बहुतेक. मला कधी सांगितलंही नाहीस. दात सगळे एका अंगाला झुकलेत, हुकासारखे, चैनपण लांबलेली होती, तसंच ठेवलं असतं तर नवीन स्पॉकेट सहा महिन्यात खाल्लं असतं. म्हणून चैन नवीन घातली, ड्रमचे दात मात्र अजून बरे आहेत, मिस्त्री म्हणाले चालवा. मागच्या चाकातले धक्के झेलणारे कुश रबर बदलले. चैन ताणायच्या ॲडजस्टरची गोगलगाय, ती खाचांची चकती, दोन खाचा मागं सरकली, दोन दात कमी म्हणजे चाक साताठ एमएम मागं जातंच.

दुसऱ्या दिवशी एकटा घाट चढलो, बारक्याला नेलं नाही. मुद्दाम त्याच वळणावर थांबलो, गाडी बंद केली, परत किक मारली आणि पहिल्यात क्लच सोडला. उठली रे. बैलानं जू उचलावं तशी उठली. दुसऱ्यात वळण, तिसऱ्यात सरळ चढ, ठोकणं नाही, वास नाही. पेट्रोलचंही सांगतो, २७ मिळत होते ते ३१ झालेत, एकाच टाकीवरनं सांगतोय, पण क्लच घासणं बंद झालं त्याचाच तो फरक. सोमवारी बारका बसला. वळणाला त्याची मूठ शर्टावर आली, गाडी सरळ निघून गेली, आणि पुढच्या वळणाला मूठ नव्हती.

आणि वाईट पण सांगतो, तुझ्यापासनं काय लपवायचं. गेल्या आठवड्यात लग्नाला कऱ्हाडला गेलो. हायवेला ७० च्या वर गेलं की गाडी ओरडते, आरशात मागचं काही दिसत नाही, नुसता थरथराट, हात मुंग्या येऊन बधिर. ७८ ला आता पावणेचारशे फेरे जास्त मारते बिचारी. स्पीडो चाकावरनं चालतो त्यामुळं आकडा खराच, स्वतःला फसवायची सोय नाही. उंब्रजच्या पुढं एक पाटी आली, बेंगळूरू लिहिलेली, आणि मी ६० वर आलो. कुठं घाई नव्हती, लग्न संध्याकाळचं होतं. बराच वेळ तसाच डाव्या लेनमधनं गेलो, ट्रक पण ओव्हरटेक करत होते. ही मागनं म्हणाली काय झालं, पंक्चर आहे का?

अठरा विकलेलं नाही. मिस्त्री मोडीत घेणार होते, मी नाही दिलं. घासून तेल लावून वर्तमानपत्रात बांधून फळीवर ठेवलंय, आण्णांच्या टूलबॉक्सशेजारी. परत घालण्यासारखं राहिलेलं नाही ते, दात गेलेत त्याचे. तरी ठेवलंय.

तुझं काय चाललंय? फ्लॅटची पाण्याची भानगड मिटली का? पिंकीची दहावी यंदा ना, गणिताला काही अडलं तर रात्री नऊनंतर मला फोन करायला सांग, तिचा उचलीन. तुझ्या पाठीचं दुखणं कसं आहे? वहिनींना सांग कुळीथ आणि तांदळाचं पीठ पुढच्या महिन्यात येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो.

मे महिन्यात येतोय. एसटी-बिस्टी नाही, गाडीनंच, ६५ नं. हुबळीला मुक्काम करीन, दोन दिवस लागतील तर लागू देत. बारका म्हणतोय मी पण येणार, त्याच्या आईचं अजून ठरत नाही. कुरिअरचं पाकीट फाडताना जपून फाड, आत कागदाच्या पुडीत वॉशर आहे. कितवा ते तूच मोज.

तुझा
मास्तर