तर्रीदार रश्श्याशी जड रेड वाइन जुळत नाही

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील वाइनविषयक लेखात, मटणाचा बेत असेल तर कॅबर्ने सॉव्हिन्याँ किंवा शिराज ही जड रेड वाइन घ्यावी, असा सरसकट सल्ला देण्यात आला आहे. मीठ-मिरी लावून भाजलेल्या मांसापुरता तो योग्यच आहे. परंतु आमच्या लातूर-धाराशिवकडे मटण म्हणजे काळ्या मसाल्याचा, वर लालभडक तर्री तरंगणारा रस्सा, आणि त्याच्याशी या वाइनचे मुळीच पटत नाही.

याचे कारण वाइनच्या घडणीत आहे. वाइनची द्राक्षे आपण खातो त्या द्राक्षांपेक्षा लहान, जाड सालीची आणि बियांची असतात, आणि रेड वाइन करताना रस साली-बियांसकट आंबवला जात असल्यामुळे रंगाबरोबर टॅनिन हे तुरट द्रव्यही त्यात उतरते. हे टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते आणि कच्चे जांभूळ चावल्यावर जीभ कोरडी पडावी तसा तुरटपणा जाणवतो. मांसातील प्रथिने, चरबी आणि थोडे मीठ यांनी तो मवाळ होतो. मटणाशी रेड वाइनची जोडी लावली जाते ती यामुळेच. मिरचीचे मात्र उलट आहे. या वाइनमध्ये साधारणतः 13.5 ते 15 टक्के अल्कोहोल असते आणि ते तोंडातील आग वाढवते, त्यामुळे रश्श्याच्या दुसऱ्याच भुरक्यानंतर वाइनमधील फळांचा स्वाद हरवतो आणि उरतो तो केवळ कडवटपणा व जळजळ. अशा रश्श्याबरोबर वाइन घ्यायचीच असेल, तर थंड केलेली, किंचित गोडसर चेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन बरी. ती नाशिककडे चांगली होते.

काळ्या मिरीची गोष्ट वेगळी. शिराजमध्ये मिरीचा जो वास येतो तो चाखणाऱ्यांच्या कल्पनेतला नाही, कारण रोटंडोन नावाचे एकच द्रव्य मिरीत आणि या द्राक्षाच्या सालीत आढळते. म्हणून उस्मानाबादी बोकडाचे मटण लाल तिखटाऐवजी भरड कुटलेली मिरी घालून, पाणी पूर्ण आटेपर्यंत सुके परतावे आणि मग शिराज उघडावी. छत्रपती संभाजीनगरच्या नान खलियाबरोबरही (नान रोटी आणि मटणाचा रस्सा) ती चालते, मात्र तर्री कमी वाढायला सांगावी. तिथले वाढपी तर्री हा मानाचा भाग समजतात, त्यामुळे हे दोनदा सांगावे लागते. शाकाहारी मंडळींसाठी निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचे भरीत सुचवावेसे वाटते, कारण त्याचा धुरकटपणा ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनला शोभतो. फक्त हिरव्या मिरचीचा हात आखडता ठेवावा. गोड पदार्थ मात्र नकोच. कुंथलगिरीच्या पेढ्यावर कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, रेड वाइन आंबट आणि कडू लागते, आणि पेढ्याचीही चव जाते.

आणखी एक बाब अशी की, रेड वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी असे लेखात म्हटले आहे. हा नियम थंड हवेच्या युरोपातील घरांवरून आलेला आहे. या वाइनला 16 ते 18 अंश सेल्सिअस तापमान मानवते, आणि मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत कपाटातली बाटली तशीच उघडली तर ग्लास तोंडाशी नेताच अल्कोहोलचा भपकारा नाकात जातो आणि वाइनचा मूळ वास त्याखाली दबतो. उघडण्यापूर्वी दीड-दोन तास बाटली फ्रिजमध्ये ठेवली की हा प्रश्न मिटतो. पुढील लेखात तापमान अंशांमध्ये द्यावे आणि मटणाची शिफारस करताना ते सुके की रश्श्याचे, हेही स्पष्ट करावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, लातूर