चुंबकोपचार : यंत्रापेक्षा मोजमाप पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नैराश्यावरच्या चुंबकीय उपचाराला (टीएमएस) काही जण शॉक समजून घाबरतात, तर काही जण मनगटातल्या चुंबकाच्या कड्याचा थोरला भाऊ समजतात. तो यांपैकी काहीच नाही. इथे भूल नसते आणि झटकाही (फिट) आणत नाहीत. डोक्यावर धरलेल्या कॉइलमधले (तारेच्या वेटोळ्यातले) चुंबकीय क्षेत्र क्षणार्धात उसळून ओसरते, त्या बदलामुळे डोक्याच्या त्वचेपासून दोन-तीन सेंटिमीटर आतल्या पेशींत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. स्थिर कड्याला हे जमत नाही.

रुग्ण आधी यंत्राची किंमत विचारतात. विचारायला हवे ते मोजमाप. उजवा अंगठा दहांपैकी पाच वेळा हलेल एवढी कॉइलची किमान ताकद पहिल्या दिवशी शोधतात. उपचार सहसा तिच्या १२० टक्के ताकदीने, डाव्या कपाळामागच्या मेंदूच्या भागावर देतात. अंगठा हलवणाऱ्या मेंदूतल्या जागेपासून सरसकट पाच सेंटिमीटर पुढे कॉइल ठेवण्याची जुनी रीत लहान-मोठ्या डोक्यांना सारखेच मानते आणि बरेचदा नेमकी जागा चुकते. निदान टेपने डोके मोजूनच जागा ठरवावी. कोर्सच्या मध्यात औषधे बदलली, तर ताकदही पुन्हा मोजावी.

नेहमीच्या पद्धतीत ३७ मिनिटांत ३,००० चुंबकीय स्पंद (ठोके) देतात, नव्या पद्धतीत तीन मिनिटांत ६००. कॅनडातल्या ४१४ रुग्णांच्या २०१८च्या अभ्यासात दोन्हींचा गुण जवळपास सारखाच, म्हणजे निम्म्याच्या आसपास रुग्णांना आला. पण आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे यावे लागते. दोन आठवड्यांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणे ही नेहमीची चूक.

कानात बोळे हवेतच, कॉइलचा आवाज मोठा असतो. डोक्याची त्वचा दुखते, डोके दुखते, ते बहुधा आठवड्याभरात कमी होते. फिट क्वचितच येते. जागरण, दारू अचानक सोडणे किंवा ब्युप्रोपिऑन ही गोळी यांनी तो धोका वाढतो, म्हणून हे लपवू नये. कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेले श्रवणयंत्र) किंवा मेंदूत धातूची क्लिप असल्यास हा उपचार नको. अन्नपाणी सोडलेल्या रुग्णाला महिनाभर कॉइलखाली बसवण्यात वेळ घालवू नये, तिथे ईसीटीच (भूल देऊन विजेने झटका आणण्याचा ‘शॉक’ उपचार) लवकर गुण देते.

राहिला खर्च. मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा द्यावा, असे २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. मात्र रुग्णालयात २४ तास दाखल राहण्याची पॉलिसीतली अट आली की रोज येऊन-जाऊन घ्यायचा हा उपचार बाहेर पडतो. विमा नियामकाने त्याला डे-केअर (२४ तास दाखल न राहता घ्यायच्या) उपचारांत स्पष्ट स्थान द्यावे.

– एक मानसोपचारतज्ज्ञ, पुणे