मनातल्या लेथवर रिंग गोलच निघते

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला वीज-संशोधक निकोला टेस्लाच्या चिंतनावरचा लेख दोनदा वाचला. दुसऱ्यांदा चष्मा पुसून. लेखक विद्वान आहेत, भाषा गोड आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण अख्ख्या पानात एकाही माणसाच्या हाताला तेल लागलेलं नाही!

टेस्लाने 1919 साली, वयाच्या बासष्टीत, लिहून ठेवलं की मी यंत्र डोक्यातच बांधतो, डोक्यातच चालवून बघतो, त्याचा तोल गेला तर तेही डोक्यातच कळतं. लेखकमहाशयांना याचं एवढं कौतुक की त्यांनी त्याची चौकट करून छापली. मी सातपूर-अंबडला चौतीस वर्षं लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या मशीनवर, काढली. डोक्यातल्या लेथचं एक बरं असतं, रिंग दर वेळी गोलच निघते.

1994 साली आमच्याकडे पातळ पितळी रिंगांचं काम आलं. चकमध्ये, म्हणजे लेथच्या तीन जबड्यांच्या (जॉच्या) पकडीत, असताना माप एकदम बरोबर, सोडली की शाफ्ट आत जाईना. व्हर्निअर कुठूनही लावा, आकडा तोच. दहातल्या तीन-चार भंगारात. साहेब म्हणायचे टर्नरचा हात जड आहे. मदतीला एक हेल्पर पोरगा होता, येवल्याकडचा की मनमाडचा, नाव आता लक्षात नाही. त्याने शाफ्टला ब्लू, म्हणजे कुठे घासतंय ते दाखवणारा निळा रंग, लावून रिंग जोर देऊन फिरवली आणि म्हणाला, काका, तीनच ठिकाणी डाग पडतोय. बघतो तर चकच्या तीन जॉच्या बरोबर मधल्या जागी! म्हणजे आवळताना रिंग दबत होती, तशी दबलेलीच आम्ही गोल कापत होतो, आणि सोडली की ती तिकोनी होत होती. गंमत अशी की त्या तिकोनीपणात समोरासमोरचं माप सगळीकडे सारखंच भरतं, म्हणून व्हर्निअरला पत्ता लागत नव्हता.

मग मी फिक्स्चर, म्हणजे रिंग धरायची वेगळी जोडणी, काढलं. रिंग बाजूने आवळायचीच नाही, मागे टेकण द्यायचं आणि पुढून भोकाची प्लेट लावून तोंडावर दाबून धरायची. टेस्लाला म्हणे 1882 साली बुडापेस्टच्या बागेत, मावळतीकडे बघत कविता म्हणताना फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना सुचली आणि त्याने काठीने वाळूत आकृती काढली. मीही खडूने फरशीवर काढली होती. मावळती नव्हती, सेकंड शिफ्ट होती. महिन्याभराने त्याचं रीतसर ड्रॉइंग आलं, तर 'डिझाइन्ड बाय'च्या चौकटीत साहेबांची सही. त्या वर्षी खंडेनवमीला मशीनला झेंडूचा हार आणि मला स्टीलचा डबा. डबा अजून आहे. झाकण पहिल्या दिवसापासून बसत नाही.

त्यामुळे 'संशोधकाच्या वाट्याला गैरसमज आणि उपेक्षा येते' हे टेस्लाचं म्हणणं वाचून मला गहिवरून वगैरे आलं नाही, माफ करा. त्याच्या नावावर 1888 साली पेटंटं तरी झाली. बागेत त्याच्यासोबत फिरणारा माणूस तुमच्या लेखात 'एक मित्र' एवढाच आहे. त्याचं नाव अँथनी सिगेती. पुढे न्यूयॉर्कला टेस्लाच्या प्रयोगशाळेत मोटारी उभ्या करायला हाच हाताशी होता. आणि त्या फिरत्या क्षेत्राच्या कल्पनेची पहिली मोटार प्रत्यक्ष फिरली ती 1883 साली, स्ट्रासबर्गच्या एका वर्कशॉपात. तिला लेखात एक ओळ, सूर्यास्ताला अर्धा कॉलम.

टेस्लाला कमी लेखायचं नाही. माझ्या लेथची मोटार त्याच्याच तत्त्वावर चालायची, कार्बन ब्रश नाहीत, कटकट नाही, वर्षानुवर्षं नुसती बेअरिंगं बदलायची. माझ्या भावाच्या निफाडच्या विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरचीही तीच. आता विषय निघालाच आहे तर सांगतो, लेखाच्या शेवटी 'निसर्गाच्या शक्ती मानवाच्या दाराशी' असं काहीसं आहे. भावाच्या दाराशी ही शक्ती आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. थ्री फेज आली की हा बॅटरी नि काठी घेऊन द्राक्षबागेत, आणि शेजारच्या उसात बिबट्या. एकदा लेखकमहाशयांनी त्याच्यासोबत जावं. मावळती दिसणार नाही, पण चिंतनाला शांतता भरपूर.

पुढच्या रविवारी लेखाचा दुसरा भाग आहे असं खाली छापलंय. त्यात सिगेतीचं नाव यावं. 'सिगेटी' छापलंत तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त टर्नर, सिडको, नाशिक