यादी चोख, पण सराव कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मित्रमंडळींसोबत शरदात कनू (वल्हवायची अरुंद होडी) घेऊन मुक्कामी भटकंतीला जाण्याची तयारी सांगणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. तंबू, स्टोव्ह, झोपायची पिशवी, सगळं बैजवार दिलं आहे. आमच्या टोळक्यात सामानाचं खातं माझ्याकडे असतं, त्यामुळे यादी कापूनही ठेवली. पण होडी उलटली तर काय, यावर अख्ख्या लेखात एकच वाक्य: ‘लाइफ जॅकेट सोबत ठेवावे.’ सोबत? लेखाबरोबरच्या फोटोतही जॅकेटं बाकाखाली खोचलेली दिसतात. धडपडणाऱ्या माणसाला पाण्यात जॅकेट चढवता येत नाही. ते काठावरच अंगात घालून, पट्टे आवळून मग होडीत पाय ठेवायचा असतो.

पानगळीच्या दिवसांत दुपारचं ऊन इतकं छान लागतं की सगळे एका शर्टावर वल्ही मारत असतात. पाणी मात्र रोज थोडं थोडं निवत गेलेलं असतं. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं. म्हणून कपडे उन्हाकडे पाहून नाही, पाण्यात हात घालून ठरवायचे. सुती कपडा भिजला की थंड होऊन अंगाला चिकटतो, लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते. जीन्स घरीच ठेवा.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले संशोधक गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी थंड पाण्यात पडलेल्या माणसाचं काय होतं याचा हिशेब १-१०-१ असा मांडला आहे. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणण्याचं. एकदम गार पाणी लागलं की माणूस नकळत मोठा श्वास आत ओढतो आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर तिथेच घात होतो. पुढची सुमारे १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात. शुद्ध हरपायला मात्र साधारण १ तास लागतो. हे आकडे बर्फासारख्या गार पाण्याचे आहेत, शरदात थोडी जास्त सवड मिळेल. क्रम तोच. म्हणजे गारठून बेशुद्ध होण्याच्या कितीतरी आधी बोटं दगा देतात. पिशवीची क्लिप दिसते, अंगठा तिच्यावर टेकतो, पण दाबलाच जात नाही. कोरडे कपडे त्याच पिशवीत असतात!

म्हणून माझं म्हणणं एवढंच की निघण्याआधी एकदा ठरवून होडी उलटवा. ऊन असलेल्या दिवशी, काठाजवळ, छातीइतक्या पाण्यात, जॅकेट घालून, आणि काठावर कोरडे कपडे व गरम पेय घेऊन कुणीतरी उभं असताना. रिकामी नको, सहलीचं सगळं सामान भरून. रिकामी होडी उलटवणं ही नुसती मजा झाली. खरी परीक्षा पुढे असते. उलटलेल्या होडीचं टोक दुसऱ्या होडीच्या मधोमध आडवं आणायचं, ते उचलून तिच्या काठावर घ्यायचं, पालथीच वर ओढून पाणी निथळू द्यायचं, मग सुलटी करून परत पाण्यात सरकवायची. दोन्ही होड्या शेजारी घट्ट धरल्या की पाण्यातला माणूस वर चढतो. ऐकायला सोपं आहे. पण सामान आत करकचून बांधलेलं असेल तर ती होडी उचलतच नाही! सामान लांब दोरीने अडकवलं असेल तर ते बाहेर तरंगतं आणि होडी हलकी होते, पण मग ती दोरी पायात येते. उलट, हवा राखून बंद केलेल्या पिशव्या आत घट्ट बसवल्या तर त्यांच्या जागेत पाणी शिरत नाही. दोन्ही बाजूंचे लोक हिरिरीने भांडतात. आपल्या होडीला आणि आपल्या माणसांना काय जमतं, ते पाण्यात उतरल्यावरच कळतं. एक गोष्ट आधीच सांगते, सुटी दोरी ठेवाल तर चाकू जॅकेटवरच हवा.

या सरावात पिशव्यांचंही पितळ उघडं पडतं. तोंडाची गुंडाळी तीन वेळा घट्ट केली नसेल तर ‘वॉटरप्रूफ’ पिशवीत पाणी शिरतंच. झोपायची पिशवी मी दुहेरी बांधते, त्यावर आमच्यातले काही हसतात. हसू देत.

बाकीचं थोडक्यात. जड सामान तळाशी आणि मधोमध. जास्तीचं वल्हं हाताशी. शिट्टी जॅकेटला. पाण्यावर असेपर्यंत दारूची बाटली बंद. मोठ्या तळ्यात दुपारी वारा उठतो, तेव्हा मधून नाही, काठाकाठाने जायचं. शरदात दिवस भराभर आखडतात, त्यामुळे मुक्कामाची जागा उजेड असतानाच गाठायची.

मित्रांच्या सहलीत आणखी एक अडचण असते, ‘नको’ कोण म्हणणार? सुट्या काढलेल्या, होड्या ठरवलेल्या, आणि सकाळी वारा सुटलेला. अशा वेळी जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. आमच्यात निघण्यापूर्वीच ठरतं की सगळ्यांत कच्चा वल्हेकरी नको म्हणाला की विषय संपला, वाद नाही, टोमणे नाहीत. मार्ग, परतीची वेळ आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागायची, हे घरी राहणाऱ्या एकाकडे लिहून दिलेलं असतं.

पुढच्या पुरवणीत या सरावावर चित्रांसह अर्धं पान द्यावं, ही विनंती. आणि फोटो निवडताना जॅकेटं अंगावर असलेला निवडावा.

आपली,
एक वाचक