स्वेच्छानिवृत्तांनी साठीपर्यंत जायचे कुठे?

महोदय,

मुदतीपूर्वी निवृत्ती घेणाऱ्यांविषयी जे लिहिले-बोलले जाते, ते जवळजवळ सगळे पैशांविषयी असते. तो हिशेब महत्त्वाचा आहेच. ज्येष्ठ नागरिक बचत योजना मुळात साठीनंतरची; स्वेच्छानिवृत्तांना ती ५५व्या वर्षापासून खुली आहे, पण निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खाते उघडावे लागते. भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या निवृत्तिवेतन योजनेत पन्नाशीनंतर पेन्शन सुरू करता येते, मात्र ५८ला जितकी वर्षे कमी, त्यांतल्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते. या गोष्टी निदान कोणीतरी समजावून सांगते. नोकरी सुटल्यावर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळेचे काय करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही.

एका बँकेत तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी करून मी पन्नाशीनंतर लवकरच स्वेच्छानिवृत्ती घेतली. निर्णय पूर्ण विचारांती घेतला होता आणि आजही तो मला योग्य वाटतो. मात्र पगाराबरोबर आणखी काय काय जाते, याची कल्पना बाहेरून येत नाही. मुलुंडहून सीएसएमटीला जाणाऱ्या गाडीत आमच्या महिला डब्यात मटार सोलले जात, भिशीचे पैसे जमा होत, दसऱ्याला दाराला झेंडूचे तोरण लागे, आणि एखादी दोन-तीन दिवस दिसली नाही तर संध्याकाळपर्यंत तिच्या घरी फोन जाई. पास संपला आणि हे सगळे एकदम थांबले. व्हॉट्सॲपचा ग्रुप अजून आहे, पण त्यावर बोलणे होते ते गाडी किती उशिरा आहे याचे, आणि त्या गाडीशी आता माझा संबंध उरलेला नाही.

घरी असलेली बाई म्हणजे रिकामी बाई, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. शेजाऱ्यांची पार्सले घेणे, गॅसवाल्याची वाट पाहणे, नात्यातल्या कोणाला डॉक्टरकडे नेणे ही कामे मी आनंदाने करते. दुखते ते एवढेच, की ‘तुला काय, तू घरीच असतेस’ असे म्हणून ती न विचारता सोपवली जातात. पुरुषांची अडचण वेगळी असते. दोन खोल्यांच्या घरात भरदुपारी ते बसून राहिले की घरच्यांना अवघडल्यासारखे होते आणि जिन्यात ‘आज रजा का?’ हा प्रश्न ठरलेला असतो. माझे एक माजी सहकारी म्हणूनच रोज डबा घेऊन वाचनालयात जातात.

असे लोक थोडेथोडके नाहीत. भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम या दोन सरकारी कंपन्यांच्या २०१९च्या योजनेत पन्नाशी गाठलेल्या ९० हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, आणि महानगर टेलिफोन निगमचा कारभार दिल्ली-मुंबईपुरताच असल्याने त्यांत मुंबईकरही मोठ्या संख्येने होते. ३१ जानेवारी २०२०ला ते घरी आले आणि दोन महिन्यांच्या आत टाळेबंदी लागली. नव्या दिनक्रमाची घडी बसवायला त्यांना उसंतच मिळाली नाही.

आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघाचे सभासदत्व साठीनंतर मिळते. अशा संघांनी स्वेच्छानिवृत्तांना पन्नाशीपासून सहसभासद करून घ्यावे, ही पहिली विनंती. दुसरी विनंती महापालिकेला आहे. पती गेल्यावर त्यांच्या खात्यातील पैशांसाठी दावा कसा करायचा, वारसनोंद नसेल तर कोणती कागदपत्रे लागतात, हे न कळल्याने खेटे घालणाऱ्या बायका मी काउंटरवर वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत. हे काम मला येते. कोणाला हिशेब तपासता येतात, कोणाला वायरिंगचे काम येते, कोणी दहावीच्या मुलांचे गणित पक्के करून घेऊ शकते. प्रत्येक विभाग कार्यालयाने अशांची नावे, येणारे काम आणि देता येणारे वार नोंदवून घ्यावेत आणि पालिकेच्या शाळांना व रुग्णालयांना ती यादी द्यावी. मानधन नसले तरी चालेल, पण वार आणि वेळ नक्की हवी, कारण ‘सवडीने या’ असे सांगितले की घरची कामे आधी येतात. मुलुंडच्या ‘टी’ विभागाने सुरुवात केल्यास आठवड्यातील दोन दुपारी मी द्यायला तयार आहे.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, मुलुंड (पूर्व), मुंबई