काकूंचं घुटं आणि चाचांची दाल माश

सत्वा, दुबई
रविवार, रात्र

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, "तिथं आपली हॉटेलं संपलीत काय, तू पाकिस्तान्याकडं जेवायला जातोस ते?" आणि मी विषय बदलला. तुला राग आला असेल. तुझा थोरला भाऊ फौजेत, २०२५च्या मे महिन्यात तुम्ही घरात रात्र-रात्र जागून काढलीत, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच घाईत उत्तर द्यायचं नव्हतं. आज सुट्टी आहे, खोलीतली बाकीची पोरं झोपलीत, तेव्हा सविस्तर लिहितो.

आपली हॉटेलं भरपूर आहेत. करामा भागात गेलं की थाळी मिळते, डोसा मिळतो, वडापावही मिळतो. पण मी राहतो सत्व्यात. शिंप्यांची दुकानं, गाड्यांना सीटकव्हर घालणारे, जुन्या बैठ्या इमारती. इथलं नावाजलेलं पाकिस्तानी हॉटेल म्हणजे 'रावी', १९७८ पासूनचं. २०२२ साली अदिदासनं त्याच्या नावानं हिरवा-पांढरा बूट काढला, एवढी त्याची कीर्ती. तिथंही मी जेवलोय आणि मनापासून जेवलोय. पण मी रोज जातो ते हॉटेल निराळं. माझ्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत, आत आठ टेबलं, बाहेर फुटपाथवर चार. ते शोधत लांबून कुणी येत नाही. टॅक्सीवाले, शिंपी, एसी दुरुस्तीवाली पोरं, बस्स.

पहिल्यांदा गेलो तेव्हा माझा दोन महिन्यांचा पगार थकला होता. ही गोष्ट मी घरी कुणाला सांगितली नाही, तुलाही नाही. बेडस्पेसचं, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं, भाडं दिल्यावर खिशात जे उरलं त्यात पंधरा दिवस काढायचे होते. दारात उभा राहून भिंतीवरचे दर वाचत होतो. डाळ आठ दिरहम, नान एक दिरहम. हिशेब केला आणि आत बसलो. काही मागवायच्या आतच पोऱ्यानं काकडी, कांदा, लिंबू, हिरव्या मिरच्यांची ताटली आणि रायत्याची वाटी आणून ठेवली. मी घाबरून म्हणालो, हे मी मागवलं नाही. गल्ल्यावरचे म्हातारे मालक तिथूनच म्हणाले, "ये तो साथ आता है, बेटा." तेच चाचा. गुजरांवालाचे.

त्याच दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. माझं नाव ऐकून म्हणाले, "गोश्त मँगवाना हो तो याद रखना, निहारी हमारी बड़े की है, कड़ाही छोटे की." बडे म्हणजे गाय-म्हैस, छोटे म्हणजे बकरा. मी विचारलं नव्हतं. त्यांनी सांगितलं नसतं तर मला कुठून कळणार होतं? पण त्यांनी सांगितलं. आणि तेव्हापासून आजपर्यंत बड्याच्या पातेल्यातली पळी माझ्या ताटात एकदाही आलेली नाही. नवा पोऱ्या लागला की चाचा त्याला आधी माझं टेबल दाखवून समजावतात.

त्या दिवशी डाळ मागवली ती दाल माश. माश म्हणजे आपला उडीद, साल काढलेला पांढरा. आपल्याकडं उडीद म्हटलं की घुटं. काकू चुलीपुढं बसून काळ्या उडदाची डाळ रवीनं घोटायच्या, लसूण-मिरचीचं वाटण घालायच्या, आणि आपण दोघं भाकरी कुस्करून वाट बघत बसायचो. ही डाळ अगदी उलट. घोटायची नाहीच. भिजवून इतपतच शिजवतात की ताटात दाणा न् दाणा मोकळा दिसतो, पण बोटात धरला की लोण्यासारखा दबतो. वर टोमॅटो-कांद्याचा मसाला, आल्याचे बारीक लांब तुकडे, चिरलेली मिरची. रस्सा नाही, पाणी नाही. रूप सगळं वेगळं, पण पहिला घास तोंडात गेला आणि उडदाची ती ओळखीची चव जिभेवर आली, जरा बुळबुळीत, जरा मातीसारखी. मित्रा, मला तिथं रडू आलं. मान खाली घालून जेवलो. पोऱ्यानं न विचारता दुसरा नान आणून टाकला.

तो नान कसा होतो तेही सांगतो, कारण मी कितीदा जेवण आटोपून तेच बघत उभा राहतो. तंदूर ओट्यात पुरलेला, फक्त तोंड वर. उस्ताद पेशावरकडचे, बोलणं कमी. गोळा हातावर थापतात, मग बोटांची टोकं रांगेनं दाबतात, म्हणून नानवर त्या खळ्या उमटतात. मग कापडाच्या गादीवर तो पसरून खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि भिंतीवर थापायचा. मिनिटभरात लोखंडाच्या दोन सळ्यांनी काढायचा. उन्हाळ्यात बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना हा माणूस दिवसभर त्या तोंडापाशी असतो. त्यांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत केस नाहीत.

शुक्रवारी सकाळी एक पातेलं छोट्याच्या निहारीचं वेगळं चढतं. नहार म्हणजे अरबीत दिवस, त्यावरून निहारी. रात्रभर मंद आचेवर शिजलेलं मटण सकाळी खायचं. मूळची दिल्लीची म्हणतात. फाळणीनंतर दिल्लीहून गेलेल्या लोकांनी ती कराचीला नेली. रस्सा गव्हाच्या पिठानं दाट करतात, वरून लिंबू, आलं, मिरची. पहिल्यांदा वाढताना चाचांनी विचारलं, "तरी ज़्यादा डालूँ?" मी दचकलोच. तरी! रश्श्यावर तरंगणाऱ्या लाल तेलाला तेही तरीच म्हणतात. कराडच्या एसटी स्टँडबाहेर मिसळ खाताना आपण ज्या शब्दानं भांडायचो तोच शब्द.

गर्दीच्या वेळी अनोळखी माणूस समोर येऊन बसतो, आपल्या खानावळीत बसायचा तसा. असाच एकदा कराचीचा एक टॅक्सीवाला बसला. मी मराठी आहे म्हटल्यावर म्हणाला, आमच्या शहरात नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा आहे, हा कुठला माणूस? शाळा १८५५ सालची, वैद्य तिकडं शिक्षणखात्यात अधिकारी होते, आणि सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, १९३६ पर्यंत. आम्ही दोघंही ते नाव उच्चारत बराच वेळ बसलो. चहा त्यानं पाजला. दूधपत्ती, पाण्याचा थेंब नसलेली.

पगाराचं सांगायचं राहिलं. दहाव्या दिवशी मी फक्त चहा मागवला. चाचांनी बघितलं आणि गल्ल्याखालची वही काढली. म्हणाले, नाव सांग, इथं लिहितो, मिळतील तेव्हा दे. तीन आठवड्यांचं जेवण त्या वहीत होतं. पगार झाल्यावर पैसे द्यायला गेलो तर त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली आणि माझ्यासमोर खोडली. चहाचे पैसे कुठंच लिहिले नव्हते.

आता २०२५च्या एप्रिलचं सांगतो. पहलगामला सव्वीस माणसं मारली, त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा, डोंबिवलीचे तिघे. त्या बातम्या बघून मी तीन आठवडे त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. राग होता. तो आजही आहे, मारणाऱ्यांवर आणि त्यांना पाठवणाऱ्यांवर, आणि तो मी कुणासाठी गिळणार नाही. मग मे महिना आला, तो तू माझ्यापेक्षा जास्त जवळून काढलास. गोळीबार थांबल्यावर एका रात्री कामावरून येताना त्या दारावरून जात होतो. मान खाली होती. चाचा उठून फुटपाथवर आले. "खाना खाया?" एवढंच विचारलं. मी नाही म्हणालो.

आत बसलो. दाल माश आली. चाचा कधी गिऱ्हाइकाच्या टेबलावर बसत नाहीत, त्या दिवशी समोर बसले. "बेगुनाह लोग थे," म्हणाले. मग माझ्या घरचे कसे आहेत ते विचारलं. मी सांगितलं, जिवलग मित्राचा भाऊ फौजेत आहे. त्यांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं, बहुधा दुवा मागितली. त्यांची बहीण सियालकोटची, सीमेपासून फार लांब नाही; गोळीबार चालू असताना ती नातवंडं घेऊन गुजरांवालाला गेली होती. पुढं आम्ही कुणीच बोललो नाही. उस्तादांनी नान स्वतः आणून ठेवला.

म्हणून जातो. तुला पटेल की नाही ठाऊक नाही, आणि न पटलं तरी तू माझा तूच आहेस. पण डिसेंबरात येतोयस तर एकदा माझ्यासोबत त्या टेबलावर बस. नाही वाटलं तर दुसऱ्या दिवशी करामात जाऊ.

आणि एक काम. गेल्या खेपेला काकूंनी दिलेली शेंगदाण्याची चटणी मी डब्यातून तिकडं नेली होती. उस्तादांनी गरम नानवर घालून खाल्ली, आणि तेव्हापासून मला बघितलं की "वो मूँगफली वाली?" असं विचारतात. काकूंना सांग, या वेळी दोन बरण्या पाठवा. एक माझी, एक उस्तादांची. त्यांच्या बरणीत लसूण जरा जास्त घाला म्हणावं.

काकूंना नमस्कार. दादाची खुशाली कळव.

तुझाच